मजा, सोय आणि बजेट यांचा मेळ घालणारी जुनी गाडी कशी निवडावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे महाराष्ट्रात साधारण चार ते आठ लाख रुपयांत जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहेत. घरात गाडी एकच असते, तिच्यातूनच ऑफिस, बाजार, आई-वडिलांचे दवाखाने आणि गावाकडच्या फेऱ्या होतात, आणि तरीही रविवारी पहाटे घाटात गाडी काढावीशी वाटते, अशी स्थिती असलेला वाचक येथे गृहीत धरला आहे.

चालवायला मजा येणारी गाडी म्हणजे नेमकी कोणती?

जाहिरातींत मजेचे माप अश्वशक्तीत दिलेले असते, पण आपल्या रस्त्यांवर ते फारसे उपयोगी पडत नाही. ताम्हिणीच्या वळणांवर किंवा आंबोलीच्या चढावर गाडीचा वेग बहुतेक वेळ ताशी तीस ते साठ किलोमीटरच असतो, आणि त्या वेगात आनंद मिळतो तो कमी वजनाच्या अंगाचा, रस्ता हाताला कळवणाऱ्या स्टिअरिंगचा, न अडखळता पडणाऱ्या गिअरचा आणि वळणात एका अंगाला न कलंडणाऱ्या सस्पेन्शनचा. शंभर अश्वशक्तीची, हजार-अकराशे किलोच्या आतली, नीट राखलेली हॅचबॅक हे सगळे देऊ शकते. दीडशे अश्वशक्तीची पण बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतील रबर) आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर संपलेली मोठी गाडी ते देत नाही.

याचा अर्थ असा की मजा मुख्यतः गाडीच्या प्रकृतीत असते. ज्या मॉडेलची सगळीकडे वाहवा होते, त्याचीच दीड लाख किलोमीटर निष्काळजीपणे फिरवलेली गाडी घेतली, तर मिळतो तो केवळ लौकिक. म्हणून याच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात एकच सल्ला वेगवेगळ्या रूपांत येईल : वरच्या वर्गातील थकलेल्या गाडीपेक्षा खालच्या वर्गातील ताजी गाडी घ्यावी.

बजेट नेमके कसे ठरवावे?

हातात असलेली सगळी रक्कम गाडीच्या किमतीत घालू नये. सहा लाख रुपये असतील तर गाडी पाच ते सव्वापाच लाखांपर्यंतच शोधावी, आणि उरलेली रक्कम चार टायर, बॅटरी, पूर्ण सर्व्हिसिंग, ब्रेक पॅड, विमा आणि नाव बदलण्याचा खर्च यांसाठी राखून ठेवावी. जुन्या गाडीत यांपैकी दोन-तीन गोष्टी पहिल्या वर्षात हमखास निघतात. ज्याच्याकडे हा राखीव पैसा नसतो तो घिसलेल्या टायरवरच वर्ष काढतो, आणि मग गाडीची पकडही जाते आणि तिच्यातली मजाही जाते.

कर्ज काढायचे असल्यास जुन्या गाडीचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा सहसा जास्त असतो आणि मुदत कमी मिळते, हे हिशेबात धरावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील लहान पेट्रोल व डिझेल गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर अठ्ठावीस टक्के अधिक उपकर यावरून अठरा टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. तरीही काही विक्रेते जुन्या गाडीचा भाव त्यापूर्वीच्या नव्या गाडीच्या किमतीवरून काढतात. दोन-तीन वर्षे वापरलेली स्विफ्ट किंवा आय-ट्वेंटी पाहत असाल, तर तीच गाडी आज शोरूममधून रस्त्यावर आणायला किती लागतात ते आधी विचारून घ्यावे. फरक लाखभराचाच निघाला, तर नवीच घ्यावी.

या बजेटमध्ये पाहण्यासारख्या गाड्या कोणत्या?

सुरुवात मारुती स्विफ्टपासून करावी लागते, आणि त्यात कमीपणा काही नाही. २०१८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या स्विफ्टचे वजन नऊशे किलोच्या आसपास आहे. २०२१ पासून तिला ९० अश्वशक्तीचे ड्युअलजेट इंजिन मिळाले आणि वजन व ताकद यांचे हे प्रमाण घाटात उपयोगी पडते. सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात आणि विकायला काढली तर आठवड्यात गिऱ्हाईक येते. उणिवा दोन आहेत : २६८ लिटरची डिकी चौघांच्या सामानाला अपुरी पडते, आणि अपघात चाचणीतील तिची कामगिरी चांगली नाही. तिच्याविषयी सुरक्षिततेच्या प्रश्नात पुढे लिहिले आहे.

हौशी चालकांची आवडती फोक्सवॅगन पोलो २०१० ते २०२२ पर्यंत आपल्या बाजारात होती आणि चाकणच्या कारखान्यात बनत होती, त्यामुळे पुणे-पिंपरी भागात तिची चांगली राखलेली उदाहरणे बरीच दिसतात. मात्र पोलो म्हणून सरसकट घेऊ नये. २०२० पासूनचे एक लिटर टर्बो (जादा हवा दाबून ताकद वाढवणारे) पेट्रोल, म्हणजे ११० अश्वशक्तीचे टीएसआय इंजिन, सहा गिअरच्या मॅन्युअलसोबत मिळाले तर या यादीतली सर्वांत रंजक गाडी तीच. याउलट त्याच आकाराचे टर्बो नसलेले ७६ अश्वशक्तीचे इंजिन असलेली पोलो दिसायला तशीच असते, दरवाजाही तसाच भरीव आवाज करून लागतो, पण चढावर चार माणसे बसली की दुसऱ्या गिअरवरून वर जायला तयार नसते. मागची सीट दोन्ही पोलोंत अरुंद आहे. घरात उंच माणसे असतील तर त्यांना आधी मागे बसवून पाहावे.

कुटुंबाला प्राधान्य देऊनही मजा हवी असेल, तर २०१४ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या होंडा सिटीकडे वळावे. तिचे दीड लिटरचे ११९ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन वेगाने फिरू लागले की मोकळे होते, त्यामुळे गिअर खाली घेऊन ओव्हरटेक करण्याची सवय असलेल्याला ते आवडते. डिकी ५१० लिटरची आहे आणि मागची सीट लांबच्या प्रवासात तक्रारीला जागा ठेवत नाही. वळणांवर ती पोलोइतकी बिनधास्त वाटत नाही, हे खरे. पण मुंबईहून रत्नागिरीला सहकुटुंब जाणाऱ्याने पोलोच्या मोहात पडण्यापूर्वी सिटी एकदा चालवून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. आणखी सोय हवी आणि चार मीटरच्या आतच राहायचे असेल, तर होंडा जॅझची ३५४ लिटरची डिकी पाहण्यासारखी आहे; तिच्या सुरुवातीच्या वर्षांतील वरच्या व्हेरियंटमध्ये मागच्या सीटची बैठक उचलून उंच सामान उभे ठेवता येते. जॅझचे ९० अश्वशक्तीचे इंजिन मात्र शांत स्वभावाचे आहे.

टाटा अल्ट्रोझमध्ये ३४५ लिटरची डिकी आणि नव्वद अंशांत उघडणारे दरवाजे आहेत. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना या दरवाजांचा जो उपयोग होतो तो कोणत्याही माहितीपत्रकात नीट लिहिलेला नसतो. सस्पेन्शन उत्तम आहे. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन मात्र उत्साही नाही, म्हणून जमल्यास २०२१ पासूनची आय-टर्बो पाहावी. ह्युंदाई आय-ट्वेंटीची टर्बो पेट्रोल आवृत्ती, त्यातही एन लाइन, चालवायला मजेदार आहे, पण चांगल्या गाडीचा भाव या बजेटच्या वरच्या टोकाला जातो.

फोर्ड, फियाट किंवा शेव्हरोलेची गाडी स्वस्तात मिळते. घ्यावी का?

तिन्हींचे उत्तर सारखे नाही. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, पण सुट्या भागांचा आणि सर्व्हिसचा पुरवठा चालू ठेवला. दीड लिटर डिझेलची, १०० अश्वशक्तीची फिगो ही स्टिअरिंगच्या दृष्टीने आपल्याकडच्या उत्तम लहान गाड्यांपैकी एक आहे आणि कंपनी गेल्यामुळे तिचा भाव गुणांच्या मानाने कमी आहे. तुमच्या शहरात चालू असलेले सर्व्हिस सेंटर किंवा फोर्डचे काम जाणणारा मेकॅनिक असेल तर ती जरूर पाहावी. बंपर, दिवे, काचा यांसारख्या अपघातात लागणाऱ्या भागांसाठी थांबावे लागू शकते, एवढी तयारी ठेवावी.

फियाटच्या पुंतो आणि लिनिआ रांजणगावात बनत. पुंतोचे स्टिअरिंग आणि सस्पेन्शन आजही वाखाणले जाते आणि तिचे १.३ लिटरचे मल्टीजेट डिझेल इंजिन मारुतीने स्विफ्टमध्येही वापरलेले असल्यामुळे इंजिनाचे बरेचसे काम कोणताही जुना मेकॅनिक करतो. अडचण येते ती बॉडी, सस्पेन्शन आणि इलेक्ट्रिकच्या भागांची. घरातली एकमेव गाडी म्हणून पुंतो घेऊ नये. दुसरी गाडी दारात असेल आणि भाग शोधत फिरण्याचीही हौस असेल, तर प्रश्न वेगळा. शेव्हरोलेची विक्री २०१७ अखेर थांबली आणि तिच्या लहान गाड्यांत हौसेसाठी जोखीम घ्यावी असे काही नाही.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

महिन्याचे रनिंग हजार-बाराशे किलोमीटरच्या आत असेल तर पेट्रोल, आणि येथे फार विचार करण्याची गरज नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा (धुराचा नवा, कडक निकष पाळणाऱ्या) डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून हायवेला सलग वेगात चालावी लागते. कोथरूड ते हिंजवडी एवढेच चालणारी डिझेल गाडी त्या फिल्टरचे दिवे लावून बसते. त्यापूर्वीच्या बीएस-चार डिझेलमध्ये ही कटकट सहसा नाही, पण त्या गाड्यांचे वय आता वाढले आहे. मारुतीने तर एप्रिल २०२० पासून डिझेल बनवणेच बंद केले, म्हणजे डिझेल स्विफ्ट मिळेल ती त्यापूर्वीचीच असेल.

सीएनजीत पैसे वाचतात आणि मजा व सोय या बाकी दोन्ही गोष्टी कमी होतात. टाकी डिकी खाते, आणि स्विफ्टचेच उदाहरण घेतले तर पेट्रोलवरची ९० अश्वशक्ती सीएनजीच्या गाडीत साडेसत्त्याहत्तरवर येते. बाहेरून बसवलेले किट असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची दाब चाचणी झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय बोलणे पुढे नेऊ नये.

पेट्रोल घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि त्याला तोंड देणारे रबरी व धातूचे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत दिलेले असतात. त्यापूर्वीची गाडी घेणे चुकीचे ठरत नाही, पण तिचे अ‍ॅव्हरेज थोडे कमी मिळेल, इंधनाचे पाइप व सील सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून घ्यावे लागतील, आणि गाडी महिनोन्महिने टाकी भरून उभी ठेवू नये.

ऑटोमॅटिक गाडीत मजा राहते का?

कोणते ऑटोमॅटिक, यावर ते अवलंबून आहे. लहान गाड्यांतील एएमटी, म्हणजे क्लच व गिअर यंत्राने हलवला जाणारा मॅन्युअल गिअरबॉक्स, शहराच्या गर्दीत डाव्या पायाला विश्रांती देते, पण घाटात ओव्हरटेक करताना गिअर बदलायला नेमका नको तेव्हा वेळ घेते. होंडाचा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) सुखाचा आहे, रंजक नाही. पोलो १.० टीएसआयमधला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (पारंपरिक पद्धतीचा ऑटोमॅटिक) दोन्ही बाजू बऱ्यापैकी सांभाळतो. जुन्या पोलो जीटी टीएसआयमधला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) चालवायला सर्वांत आनंददायी. मात्र रेंगाळत्या गर्दीत तो तापतो आणि त्याच्या मेकॅट्रॉनिक युनिटचे, म्हणजे गिअर बदलणाऱ्या नियंत्रण यंत्रणेचे, काम निघाले तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. सर्व्हिसची पूर्ण नोंद नसलेला डीएसजी घेऊ नये.

त्यापेक्षा थोडी जुनी एसयूव्ही घेतली तर?

खराब रस्त्याचे गाव आणि पावसाळ्यातले कच्चे वळण रोजचे असेल तर उंच गाडीला अर्थ आहे. नेक्सॉनचा ग्राउंड क्लिअरन्स २०९ मिलिमीटर आहे तर स्विफ्टचा १६३. पण त्याच पैशांत एसयूव्ही घेताना गाडी तीन-चार वर्षांनी जुनी मिळते, टायर महाग पडतात आणि उंचीमुळे वळणात अंग झुकते. रस्ता डांबरी असेल तर ही उंची बहुधा स्पीडब्रेकरपुरतीच कामी येते.

सुरक्षिततेसाठी किमान काय पाहावे?

गाडी बनल्याचे साल येथे बरेच काही सांगते. १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले, त्याच वर्षी जुलैपासून चालकाची एअरबॅग, आणि पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग २०२२ पासून बनलेल्या प्रत्येक गाडीत असते. त्यापूर्वीची गाडी असेल तर खालचे व्हेरियंट टाळावे, कारण वरच्या व्हेरियंटमध्ये हीच साधने आधीपासून दिलेली असत.

गाड्यांच्या अपघात चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत टाटा नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये आणि अल्ट्रोझला जानेवारी २०२० मध्ये पाच तारे मिळाले. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला २०१४ मध्ये चार मिळाले होते. स्विफ्टला २०१८ मध्ये दोन आणि अधिक कडक निकष आल्यावर २०२२ मध्ये एकच तारा मिळाला. वेगवेगळ्या वर्षांचे निकष वेगळे असल्याने या ताऱ्यांची थेट बेरीज-वजाबाकी करू नये, तरी रोज एक्स्प्रेसवेने जाणाऱ्याने स्विफ्टच्या हलकेपणाचे कौतुक करताना हा आकडा नजरेआड करू नये. माझ्यापुरते सांगायचे तर, लहान मुले मागे बसणार असतील तर मी स्विफ्टऐवजी अल्ट्रोझ किंवा पोलो निवडीन.

किती वर्षे आणि किती किलोमीटर झालेली गाडी चालेल?

चार ते सात वर्षांची, चाळीस ते ऐंशी हजार किलोमीटर चाललेली पेट्रोल गाडी या बजेटला सर्वांत सोयीची. तोवर घसाऱ्याचा मोठा टप्पा पहिल्या मालकाने सोसलेला असतो आणि मोठ्या दुरुस्त्या सुरू झालेल्या नसतात. फार कमी रनिंगने हुरळून जाऊ नये. आठ वर्षांत अठरा हजार चाललेली गाडी खरी असली तरी तिचे टायर, रबर आणि बॅटरी वयानेच गेलेले असतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी फिटनेस तपासून नूतनीकरण करावे लागते, त्यावर पर्यावरण करही द्यावा लागतो. म्हणून बारा वर्षांची स्वस्त गाडी घेताना तो खर्च दारात उभा आहे असे समजावे.

मीटर मागे केलेले कसे ओळखावे?

डॅशबोर्डवरचा आकडा हा पुरावा मानू नये. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या क्रमांकावरून प्रत्येक भेटीचे रनिंग मिळते आणि ते मालकालाच मागायला सांगावे. पीयूसी आणि विम्याच्या जुन्या कागदांवरून गाडीच्या वापराची उरलेली गोष्ट जुळवता येते. पन्नास हजार चाललेल्या गाडीत स्टिअरिंगचे आवरण गुळगुळीत झालेले, क्लचच्या पेडलचे रबर घासून गेलेले आणि चालकाच्या सीटची कड दबलेली असेल, तर आकडा खोटा आहे. टायरवरच्या चार अंकांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. तीस हजार चाललेल्या गाडीला दुसऱ्यांदा घातलेले टायर दिसले, तर ते का, हे विचारावे.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखावी?

महाराष्ट्रात हा प्रश्न कधीच जुना होत नाही. २६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ चे कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ चे चिपळूण-महाड या प्रत्येक पुरात शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि विमा कंपनीने निकालात काढलेली गाडी स्वच्छ होऊन दुसऱ्या जिल्ह्यात विक्रीला येते, हा या धंद्यातला उघड व्यवहार आहे. अशी गाडी चार-सहा महिने उत्तम चालते. मग वायरिंगच्या जोडांत हिरवट गंज धरतो, आज पॉवर विंडो, उद्या एअरबॅगचा दिवा असे एकेक बंद पडू लागते, आणि त्याला अंत नसतो.

तपासणी दिवसाच्या उजेडात करावी. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेषा आहे का पाहावे; गाडी धुणारा तिथवर सहसा पोहोचत नाही. सीटखालचे लोखंडी रूळ आणि त्यांचे बोल्ट, डिकीतील स्टेपनीचा खड्डा, फ्यूजबॉक्सचे कोपरे, गालिच्याखालचा जाड थर या जागी गाळ, गंज किंवा कुबट वास सापडतो. सगळ्या आतल्या भागांना एकाच वेळी नवे कापड आणि तीव्र सुगंध लावलेला असेल तर संशय घ्यावा. विम्याचे मागचे दावे मालकाला विमा कंपनीकडून लेखी मागता येतात. ते दाखवायला जो तयार नाही त्याच्याशी व्यवहार करू नये. किनाऱ्यावरच्या गाड्यांत पूर नसला तरी खारी हवा असते, त्यामुळे मालवण, अलिबाग किंवा पणजीची गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहावी.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी?

गाडी थंड असताना स्वतः चालू करावी, त्यासाठी विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे. पहिल्या मिनिटात इंजिनाची खडखड आणि धुराचा रंग जे सांगतात ते तापलेले इंजिन लपवते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. नंतर किमान अर्धा तास, खड्ड्यांच्या रस्त्यावर, मोकळ्या रस्त्यावर आणि शक्य असल्यास चढावर गाडी न्यावी, म्युझिक बंद ठेवून. खड्ड्यात पुढून टक-टक आवाज आला तर लोअर आर्म, लिंक रॉड किंवा बुश गेले आहेत. हे काम सहसा आवाक्यातले असते आणि भाव कमी करण्याचे प्रामाणिक कारणही. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल आणि अलाइनमेंट नुकतेच केल्याचे सांगितले जात असेल, तर चेसिसला मार बसला असण्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी.

अपघाताचा शोध बॉनेटच्या आत घ्यावा. मडगार्ड आणि बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर ते भाग उघडले गेले आहेत. तेवढ्याने गाडी बाद होत नाही, कारण शहरात ओरखडे आणि डेंटिंग-पेंटिंग होतच असते. मात्र एप्रन (इंजिनाच्या बाजूचे आतले पत्रे), पिलर (छत पेलणारे खांब) किंवा छताच्या कडेला वेल्डिंग दिसले, तर गाडी कितीही आवडली तरी सोडावी. त्यानंतर ओळखीचा मेकॅनिक आणि त्याचा स्कॅनर घेऊन जावे. त्याला दिलेले हजार-दोन हजार रुपये या व्यवहारातला सर्वांत उत्पादक खर्च असतो.

रिमॅप केलेली किंवा मॉडिफाय केलेली गाडी घ्यावी का?

घेऊ नये. टर्बो गाड्यांचा संगणक बदलून ताकद वाढवलेली असते, विकताना तो पूर्ववत केला जातो, आणि क्लच व टर्बोने सोसलेला ताण मात्र तसाच राहतो. मोठे अलॉय, खाली बसवलेल्या स्प्रिंगा आणि मोठा सायलेन्सर असलेली गाडी कशी चालवली गेली असेल, हे वेगळे सांगायला नको. पोलो आणि आय-ट्वेंटी टर्बोच्या बाबतीत ही चौकशी जास्त काटेकोरपणे करावी.

गोवा, दमण, दिल्ली किंवा बेळगाव पासिंगची गाडी स्वस्त मिळते. चालेल का?

स्वस्ताईचे कारण बहुधा कर हेच असते. मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ येथे ठेवायची असेल तर येथे नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, आणि गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा रोड टॅक्स लागतो. मूळ राज्यातील कराचा परतावा मिळवणे हे पहिल्या मालकाच्या सहकार्याशिवाय अवघड जाते. हा सगळा आकडा विक्रीच्या भावात मिळवून मगच तुलना करावी. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या आपल्याकडे मोहक भावात येतात. त्यांतली ना-हरकत हातात नसलेली गाडी फुकटही महाग पडू शकते. बेळगाव किंवा पणजीला राहणाऱ्यांनी स्थानिक पासिंगच घ्यावे, त्यांना या फेऱ्यात पडण्याचे कारण नाही.

मालकाकडून घ्यावी की डीलरकडून?

पहिल्या मालकाकडून थेट मिळाली तर उत्तम, कारण गाडीबरोबर तिची गोष्टही मिळते. कंपन्यांच्या जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये भाव जास्त असतो, पण काही महिन्यांची हमी मिळते. डीएसजीसारखी महागडी यंत्रणा असलेली गाडी घेणाऱ्याला ती हमी मोलाची आहे. डीलरला अठरा टक्के जीएसटी द्यावा लागतो तो त्याच्या नफ्यावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे. पूर्ण किमतीवर कर लावून बिल वाढवणाऱ्याला हे शांतपणे सांगावे. व्यक्तीने व्यक्तीला विकलेल्या गाडीवर हा कर नाही.

कागदपत्रांत काय तपासावे?

परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर गाडीचा क्रमांक टाकून मालकाचा क्रम, विम्याची मुदत, पीयूसी आणि बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) पाहावा. बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. चेसिस क्रमांक आरसीवरच्या क्रमांकाशी गाडीवर स्वतः वाचून जुळवावा. थकलेले ई-चलन पाहावे. ते भरण्याचे काम विकणाऱ्याचे आहे आणि ते टोकन देण्यापूर्वी ठरवावे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, हेही पाहावे.

हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवावे असे कायदा सांगतो. सह्या घेऊन कागद घरी ठेवून देण्याची आपल्याकडची पद्धत दोघांनाही घातक आहे : नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो आणि अपघाताच्या भरपाईचा दावा त्याच्यावरच येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. तुम्ही तुमची आधीची गाडी विकत असाल तर हीच काळजी उलट्या बाजूने घ्यावी.

नाव बदलेपर्यंत गाडी वापरली तर विमा लागू राहतो का?

तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा जुन्या नावाच्या पॉलिसीवर नाकारला जाऊ शकतो. म्हणून गाडी ताब्यात घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीकडे पॉलिसी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा, आणि तो दिल्याची पोच ठेवावी. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. पॉलिसीत पन्नास टक्के सूट दिसत असेल तर तेवढ्या फरकाचा हप्ता तुम्हाला भरावा लागेल. दोन-तीन महिनेच मुदत उरली असेल तर आपल्या नावाने नवी पॉलिसी घेणे सरळ पडते. त्यासाठी कंपनीचा माणूस गाडीची पाहणी करून फोटो काढून नेतो, तेव्हा ही पाहणी गाडी घाटात काढण्याच्या आधी उरकून घ्यावी.